ग्रीक पद्धतीच्या बरगड्या: मसाल्याचा डबा बंद ठेवून

आम्हा वसईच्या लोकांना डुकराचं मांस नवं नाही, आणि अडचण तिथूनच सुरू होते. मांस ओट्यावर आलं की हात आपोआप बाटली मसाल्याकडे जातो. इंद्याल आणि सोरपोतेल हे डुकराच्या मांसाचे आमचे आंबट-तिखट प्रकार, व्हिनेगर, वाटलेल्या मिरच्या हे सगळं अंगात इतकं मुरलेलं असतं की मसाला न लावलेलं मांस उघडं-वाघडं वाटतं. ग्रीक बरगड्या करायच्या तर आधी तो हात मागे घ्यावा लागतो. मीठ, ऑलिव्ह तेल, लसूण, ओरेगॅनो आणि लिंबू. मिरी चालते. हळद नाही, आलं नाही, गरम मसाल्याची चिमूटही नाही.

ऐकायला सोपं आहे. पण जिनसा पाचच असल्या की चूक झाकायला जागा उरत नाही. तेल खवट असेल तर खवटपणाच लागतो, ओरेगॅनो जुना असेल तर वाळल्या गवताचा वास येतो. माझ्या पहिल्या दोन खेपा वाया गेल्या, आणि दोन्ही वेळा कारण लिंबू होतं. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगते, कारण या पदार्थात शिकण्यासारखं खरं तेवढंच आहे.

ग्रीसमध्ये काय खातात

ग्रीक भाषेत निखाऱ्यावर भाजलेल्या बरगड्यांना ‘पाइदाकिया’ म्हणतात, म्हणजे छोट्या बरगड्या. ग्रीक लिपीत हा शब्द लिहिताना एका अक्षरावर दोन टिंबं द्यावी लागतात. ती राहिली तर शब्द ‘पेदाकिया’ असा वाचला जातो आणि त्याचा अर्थ होतो ‘लहान मुलं’. नुसतं पाइदाकिया म्हटलं की बहुतेक वेळा कोकराच्या बरगड्या समजतात. डुकराच्या हव्या असतील तर आधी ‘हिरिना’ जोडायचं. अथेन्सजवळ वारी नावाचं उपनगर अशा भाजणीच्या खानावळींसाठी प्रसिद्ध आहे. पाइदाकिया तिथे बऱ्याचदा किलोवर मागवतात. मांस कागदावर किंवा साध्या थाळीत येतं, सोबत लिंबाच्या जाड फोडी आणि तळलेले बटाटे. खायचं हातानेच.

यांची एक ‘गटारी’सुद्धा आहे. ईस्टरच्या आधीचा मोठा उपास ज्या सोमवारी सुरू होतो, त्याच्या अकरा दिवस आधीच्या गुरुवारी गावोगाव, गल्लोगल्ली मांस भाजतात. वार गुरुवारच, कारण बुधवार आणि शुक्रवार त्यांच्याकडे एरवीही उपासाचे. त्या दिवसाचं नाव ‘चिक्नोपेम्प्ती’. यातला च ‘चाक’मधला, ‘चार’मधला नव्हे. मराठी माणसाला हा उच्चार शिकवावा लागत नाही. ‘चिक्ना’ म्हणजे निखाऱ्यावर चरबी ठिबकली की उठणारा तो खमंग धूर. एका वासाच्या नावाने सण पाळणाऱ्या लोकांकडून भाजणं शिकायला हरकत नाही.

एक फरक मात्र आधीच लक्षात घ्या. तिथल्या खानावळीत बरगड्या पातळ, सुट्या कापून थेट निखाऱ्यावर टाकतात. हाडाला दातांनी थोडं ओढावं लागतं, आणि ती ओढ हवीच असते. अमेरिकी बार्बेक्यूसारखं हात लावताच हाडावरून गळून पडणारं मांस ग्रीक माणसाला नको असतं. घरच्या ओव्हनमध्ये आपण मधला मार्ग धरणार आहोत: आधी झाकून मऊ करायचं, मग कडक आचेवर भाजायचं, पण लगदा होऊ द्यायचा नाही.

खरेदी

चार जणांसाठी दीड किलो बरगड्या घ्या. हाडांचं वजन धरून माणशी साधारण पावणेचारशे ग्रॅम पडतात. दुकानात पहिलं वाक्य हेच म्हणा: “तोडू नका, अख्खा पट्टा द्या.” हे बोलायला उशीर झाला की कोयता चालतो आणि पिशवीत इंद्यालाच्या आकाराचे तुकडे येतात. मी दोनदा तशीच परत आले आहे. तुकडे झालेच असतील तर त्यांचा इंद्याल करा, ग्रीक बरगड्यांचा बेत पुढच्या रविवारी.

पट्ट्यात हाडांच्या वर निदान बोटभर मांस हवं. नुसती हाडं चमकत असतील तर घेऊ नका. रंग फिकट गुलाबी, चरबी पांढरी, वास जवळजवळ नाहीच. वसई, वांद्रे, गोवा इथे ताजं मांस मिळतं. इतर शहरांत बहुधा गोठवलेलं मिळेल, आणि तेही चालतं. फक्त ते आदल्या दिवशी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सावकाश सुटू द्या. गरम पाण्यात बुडवून घाई करू नका.

ओरेगॅनोबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्या ड्रॉवरमध्ये साठलेल्या असतात, त्या इथे वापरू नका. त्यात ओरेगॅनोबरोबर मीठ, मिरची, लसणाची पूड असं बरंच काही असतं. बाटलीतला साधा, वाळवलेला ओरेगॅनो आणा. ग्रीक ‘रिगानी’ मिळाला तर उत्तम. तो काडीसकट, जुडीने वाळवून विकतात आणि त्याचा दर्प इतर जातींपेक्षा तिखट असतो. चिमूटभर तळव्यावर चोळून हुंगा. नाकात झणझण झाली नाही तर ती बाटली म्हातारी झाली आहे.

हुंगताना ओव्याची आठवण झाली तर तुमचं नाक बरोबर आहे. ग्रीक ओरेगॅनोतलं मुख्य द्रव्य कार्व्हाक्रॉल आणि ओव्यातलं थायमॉल. दोघांचे अणू सारखेच, फक्त मांडणी वेगळी. म्हणून ओरेगॅनो कमी पडला तर मी चार दाणे ओवा चुरडून घालते. चारच. जास्त झाला की बरगड्यांना ओव्याच्या भज्यांचा वास येतो.

तेल एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्हच हवं, कारण शेवटी ते कच्चंही ओतायचं आहे. महागडी बाटली नको, पण वर्षभर गॅसशेजारी उघडी उभी असलेलीही नको.

दीड किलो बरगड्यांना लागेल ते असं: मीठ 15 ग्रॅम, म्हणजे लहान चमच्याने सपाट अडीच चमचे. मॅरिनेशनला ऑलिव्ह तेल पाव वाटी आणि शेवटच्या रसाला सहा मोठे चमचे. आपल्याकडच्या बारीक लसणाच्या बारा पाकळ्या. ओरेगॅनो दोन मोठे चमचे. भरड मिरी एक चमचा. कागदी लिंबं पाच. घरात मोहरीचा पिवळा सॉस असेल तर एक चमचा. ग्रीक घरांत लिंबाच्या रसात तो अनेकदा घालतात, त्याने तेल आणि लिंबू एकजीव राहतात.

आदल्या रात्री

बरगड्या धुतल्या तर कागदाने अगदी कोरड्या करा. ओल्या मांसावर तेल बसत नाही आणि पुढे भाजताना रंगही धरत नाही.

आता पट्टा उलटा करा. हाडांच्या बाजूला एक पातळ, चकचकीत पडदा दिसेल. तो शिजून मऊ होत नाही, रबरासारखा दातात येतो, आणि मीठही आत जाऊ देत नाही. एका टोकाच्या हाडावर चमच्याची दांडी पडद्याखाली सरकवा, थोडा उचला आणि कोरड्या कागदाने किंवा फडक्याने पकडून ओढा. नुसत्या बोटांनी पकडाल तर निसटतच राहील. नशीब असेल तर अख्खा पडदा एका दमात निघतो, नसेल तर तीन तुकड्यांत. अजिबातच निघेना तर सुरीच्या टोकाने त्यावर तिरप्या चिरा द्या आणि पुढे चला.

मग मीठ, दोन्ही बाजूंनी सारखं. मीठ एकटंच आणि सगळ्यांत आधी लावायचं, कारण मांसात खोलवर जाणारं तेवढंच आहे. लसूण, ओरेगॅनो, तेल या सगळ्यांची धाव वरच्या काही मिलिमीटरपुरती. म्हणून “दोन दिवस मुरवलं की चव हाडापर्यंत जाते” यावर माझा विश्वास नाही. हाडापर्यंत जातं ते मीठ.

अर्ध्या तासाने बाकीचं लावा. लसूण वाटू नका, ठेचा. वाटलेला लसूण मांसाला चिकटून बसतो आणि भाजताना करपून कडू होतो. ठेचलेल्या पाकळ्या वेचून काढता येतात. पाव वाटी तेलात लसूण, मिरी आणि ओरेगॅनोचा निम्मा भाग कालवा आणि बरगड्यांना चोळा. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. मे महिन्यात ‘तासभरच तर आहे’ म्हणून ओट्यावर ठेवू नका.

लिंबू अजून घालायचं नाही.

लिंबाचं गणित

पहिल्या खेपेला मी चार लिंबांचा रस घालून बरगड्या रात्रभर मुरवल्या होत्या. सकाळी मांस वरून पांढरट पडलं होतं, उकडल्यासारखं. भाजल्यावर ती वरची साय खडूसारखी भुसभुशीत लागली आणि आतला भाग कोरडा. आम्ल मांसातल्या प्रथिनांवर उष्णतेसारखंच काम करतं: ती आकसतात, गोठतात आणि पाणी बाहेर टाकतात. मांस शेगडीवर जाण्याआधीच अर्धवट ‘शिजतं’.

दुसऱ्या खेपेला मी एका ग्रीक कृतीतलं प्रमाण जसंच्या तसं घेतलं, ‘दोन लिंबं’. तरीही फार आंबट झालं. तेव्हा लक्षात आलं की त्यांचं लिंबू आणि आपलं लिंबू एक नव्हे. त्यांचं मोठं, पिवळं, जाड सालीचं आणि सुगंधी. आपलं कागदी लिंबू छोटं, पातळ सालीचं आणि जास्त धारदार. सालीतही फरक आहे. त्यांची साल किसून पदार्थात घालतात, आपल्या लिंबाची साल किसली किंवा लिंबू निपटून पिळलं की कडवटपणा उतरतो. कागदी लिंबू अलगद पिळा, शेवटचे चार थेंब सोडून द्या.

आता मी लिंबू दोनदा वापरते. ओव्हन लावायच्या तासभर आधी एका लिंबाचा रस बरगड्यांवर चोळते, बस. बाकी सगळं लिंबू भाजून झाल्यावर, गरम मांसावर. तिथल्या खानावळीतही खरी मजा ताटाशेजारच्या फोडीतच असते. शिजवताना घातलेल्या लिंबाचा सुगंध उडून जातो आणि आंबटपणा तेवढा मागे राहतो. वरून पिळलेलं लिंबू नाकाला आधी कळतं.

शिजवणं

तासभर आधी बरगड्या फ्रीजबाहेर काढा, लिंबू चोळा. उन्हाळा असेल तर तेवढा तास परत फ्रीजमध्येच ठेवा. ओटीजी, म्हणजे घरचा छोटा विजेचा ओव्हन, 160 अंशांवर, वरचा-खालचा दोन्ही रॉड लावून, पंधरा मिनिटं तापवा. छोट्या ओटीजीत अख्खा पट्टा मावत नाही, तेव्हा तो मधोमध दोन करा.

ट्रेमध्ये हाडांची बाजू खाली ठेवून बरगड्या मांडा. भोवती सालं काढलेल्या चार-पाच बटाट्यांच्या लांबट, जाड फोडी पसरा. त्यांना थोडं मीठ, एक वाटी पाणी आणि एका लिंबाचा रस. बटाट्यांना लिंबू आधीच घातलेलं चालतं, उलट फायद्याचंच असतं. चिंच आधी घातली की डाळ शिजायला रुसते हे आपल्याला माहीत आहे. तसंच आम्लात बटाटा उशिरा शिजतो, म्हणून दोन तास ट्रेमध्ये राहूनही विरघळत नाही आणि बरगड्यांची चरबी पीत बसतो. आमच्याकडे बरगड्यांपेक्षा या बटाट्यांवरून जास्त भांडणं होतात.

ट्रेवर आधी बटर पेपर आणि त्यावर ॲल्युमिनियम फॉइल घट्ट लावा. फॉइल थेट आंबट मांसाला टेकू देऊ नका, आम्लाने ती गळते. दीड ते पावणेदोन तास असंच राहू द्या, सारखं उघडून बघू नका.

झालं की नाही ते घड्याळापेक्षा हाडं नीट सांगतात. मांस आकसून हाडांची टोकं अर्धा-पाऊण इंच उघडी पडलेली दिसतात. दोन हाडांच्या मधे काडी घातली तर ती लोण्यात गेल्यासारखी नव्हे, पण फारसं न अडता जाते. थर्मामीटर असेल तर हाडाला न टेकवता आत 88 ते 92 अंश बघा. या तापमानाच्या आसपास बरगड्यांमधल्या चिवट तंतूंचं जिलेटिन होतं. डुकराच्या मांसातले फीतकृमीचे कोष यापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला मरतात, तेव्हा ती धास्ती इथे उरत नाही. मात्र कच्च्या मांसाची सुरी आणि पाट कोशिंबिरीला लागू देऊ नका, आणि भांड्याच्या तळाशी उरलेलं कच्चं मॅरिनेशन शेवटी वरून ओतू नका.

आता फॉइल काढा. मांसावर चिकटलेल्या लसणाच्या पाकळ्या वेचून बटाट्यांत टाका. ओटीजी 220 वर न्या, वरचा रॉड चालू, पंधरा-वीस मिनिटं. शेवटची पाच मिनिटं तिथून हलू नका. सोनेरी आणि करपलेलं यांत घरगुती ओटीजीत फार अंतर नसतं.

कोळशाची शेगडी आणि गच्ची असेल तर हा शेवटचा टप्पा तिथे करा, त्याला तोड नाही. कोळशांवर राखाडी साय धरू द्या. ज्वाळा असताना मांस ठेवलं की काजळीच मिळते. जाळीच्या उंचीवर तळवा चार-पाच सेकंद टिकला म्हणजे आच बरोबर. प्रत्येक बाजू पाच-सहा मिनिटं. चरबी ठिबकून जाळ उठला तर पाणी मारू नका, राख उडते. चिमट्याने पट्टा बाजूला सरकवा आणि जाळ बसला की परत आणा. त्या वेळी गच्चीवर जो धूर होईल, तोच चिक्ना.

ओव्हन नसेल तर कुकर. तीन-तीन हाडांचे तुकडे करा, अर्धी वाटी पाणी, लिंबू मात्र अजिबात नाही. एक शिटी मोठ्या आचेवर, मग बारीक आचेवर पंधरा मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या. मग जाड तव्यावर किंवा एअर फ्रायरमध्ये 200 अंशांवर दहा-बारा मिनिटं रंग आणा. ओव्हनची सर येत नाही, पण अगदी खाण्याजोगं होतं. कुकरमधला रस्सा फेकू नका, दुसऱ्या दिवशी त्यात भात शिजवा.

लादोलेमोनो

नाव भारदस्त, काम दोन मिनिटांचं: लादी म्हणजे तेल, लेमोनी म्हणजे लिंबू. ग्रीक लोक ते भाजलेल्या माशांवरही घालतात. सहा चमचे ऑलिव्ह तेलाला दोन चमचे लिंबूरस. त्यांच्याकडे लिंबाचं प्रमाण याहून जास्त चालतं, पण कागदी लिंबाला तीनास एक पुरे. त्यात चिमूटभर मीठ, मोहरीचा सॉस आणि उरलेला ओरेगॅनो, तळव्यांत चोळून. झाकणाच्या बरणीत घालून जोरात हलवा, म्हणजे दाटसर, दुधी होईल.

बरगड्या बाहेर काढून पाच-दहा मिनिटं राहू द्या, मग धारदार सुरीने दोन हाडांच्या मधून कापा. कापल्यावर हे ओता, कापायच्या आधी नाही. प्रत्येक कापलेली बाजू तेल-लिंबू ओढून घेते. उरलेल्या लिंबांच्या फोडी शेजारी ठेवा.

सोबत काय

जाजिकी. हा ज ‘जाळं’मधला. दही, काकडी आणि लसूण यांचा हा गारेगार प्रकार आपल्याला अर्धा माहीतच आहे. त्यासाठी घट्ट ग्रीक योगर्ट शोधत फिरू नका. फडक्यात टांगून पाणी काढलेलं दही म्हणजे आपला श्रीखंडाचा चक्काच, फक्त ताजा आणि आंबट न झालेला घ्या. एक वाटी चक्क्याला एक काकडी किसून, मीठ लावून, घट्ट पिळून. एक पाकळी लसूण, एक चमचा व्हिनेगर, एक चमचा ऑलिव्ह तेल आणि मूठभर बारीक चिरलेला शेपू. हो, शेपूच. लहानपणी ज्या भाजीवरून ताटावरून उठून गेलात, ती इथे परत भेटते. आपला शेपू जरा उग्र असतो, म्हणून कोवळे शेंडेच घ्या. साखर घालू नका, वरून फोडणीही देऊ नका, नाहीतर काकडीची कोशिंबीर होईल.

शेजारी टोमॅटो, काकडी आणि कांद्याच्या मोठाल्या फोडी, जमलं तर फेटा चीजची एक अख्खी वडी वर. पिटा मिळाला तर बरा, नाहीतर गोव्याचा पोई किंवा आमच्याकडचा कडक पाव. ट्रेच्या तळाशी जो लिंबू-चरबीचा रस उरतो तो टिपायला पाव लागतोच.

उरल्याच, तर दुसऱ्या दिवशी मांस हाडावरून सोडवा, कोरड्या तव्यावर कुरकुरीत करा, पावात जाजिकीबरोबर भरा. आणि लिंबू तेव्हाही शेवटी पिळा.